भक्ती, भूक आणि बाजार : प्राचीन इजिप्तमधील प्राण्यांच्या ममी

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिरॅमिड उभे राहतात, तुतानखामेनचा सोन्याचा मुखवटा येतो आणि आपल्यापैकी अनेकांना लहानपणी घरात ऐकलेल्या युसूफ आणि मुसा यांच्या कथांमधला मिसर आठवतो. या सगळ्या चित्रांच्या मध्यभागी माणूस असतो. आपल्या देशातही बडोदा, हैदराबाद, कोलकाता, जयपूर, लखनऊ येथील संग्रहालयांत लोक गर्दी करतात ती माणसांची ममी पाहण्यासाठी. परंतु इजिप्तच्या वाळूखाली माणसांपेक्षा प्राण्यांच्या ममी कितीतरी पटींनी अधिक निघाल्या आहेत, ही गोष्ट सर्वसामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. कैरोजवळच्या सक्कारा येथे अनुबिस या देवाच्या नावाने खोदलेल्या एकाच भुयारी दफनस्थळात सुमारे ८० लाख प्राणी ठेवले गेले असावेत, असा अंदाज कार्डिफ विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ पॉल निकल्सन यांच्या पथकाने २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यांत बहुसंख्य कुत्रे होते, आणि त्यांतली अनेक तर जन्मून काही तास किंवा काही दिवसच झालेली पिल्ले होती.

हा आकडा वाचून आपली पहिली प्रतिक्रिया बहुधा हसण्याची किंवा किळस येण्याची असते. ही प्रतिक्रिया नवी नाही. रोमन कवी जुवेनाल याने आपल्या पंधराव्या उपहासिकेत इजिप्शियन लोकांच्या प्राणिपूजेची यथेच्छ टवाळी केली होती. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला टवाळी करून पुढे जाता येत नाही. या प्राण्यांच्या देहांतून त्या समाजात कोण काय खात होते, कोण उपाशी राहत होते, कोणाची श्रद्धा कशावर होती आणि त्या श्रद्धेवर कोणाचे पोट चालत होते, याचा हिशेब लागतो. तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न आपण येथे करणार आहोत.

ममी आणि मोमियाई

प्रथम शब्दाकडे पाहू. 'ममी' हा शब्द इजिप्शियन नाही. तो अरबी-फारसी 'मूमिया'वरून युरोपात गेला. फारसीत 'मोम' म्हणजे मेण. इराणच्या डोंगरांतील खडकांतून पाझरणारा काळा, डांबरासारखा पदार्थ मूमिया या नावाने औषध म्हणून वापरला जात असे. इब्न सीनांच्या वैद्यकग्रंथातही त्याची नोंद आहे आणि युनानी हकिमांच्या परंपरेत 'मोमियाई' हे नाव आपल्याकडेही परिचित आहे. इजिप्तमधील जुन्या प्रेतांवर राळेचा जो काळा थर असे तो या मूमियासारखा दिसे. त्यामुळे औषधाचे नाव आधी त्या थराला आणि मग त्या प्रेतालाच चिकटले. युरोपातील औषधविक्रेते पुढे कित्येक शतके ममींची भुकटी औषध म्हणून विकत राहिले.

देह टिकवण्याच्या या कलेचे खरे साधन होते नत्रून. कैरोच्या वायव्येला असलेल्या वादी नत्रून या खोलगट प्रदेशातील सरोवरे आटली की काठावर सोडा आणि मीठ यांचे नैसर्गिक मिश्रण साचते, तेच हे नत्रून. रसायनशास्त्रात सोडियमला मिळालेले 'नॅट्रियम' हे नाव याच शब्दावरून आले आहे. प्रेतातील आतडी, यकृत, फुप्फुसे काढायची, देह सुमारे ४० दिवस नत्रूनमध्ये पुरून त्यातील पाणी शोषून घ्यायचे, मग तेल आणि राळ लावून तागाच्या पट्ट्यांत गुंडाळायचे, असा हा एकूण ७० दिवसांचा विधी होता. इ.स.पूर्व पाचव्या शतकात इजिप्तला गेलेल्या हेरोडोटसने या विधीचे किमतीप्रमाणे तीन दर्जे सांगितले आहेत. म्हणजे मरणानंतरही श्रीमंत आणि गरीब यांचा भेद सुटत नव्हता.

मुळात हे तंत्र मांस आणि मासळी टिकवण्याच्या तंत्राचेच भावंड आहे. इजिप्शियन लोक मासे चिरून, मीठ लावून वाळवत असत. थडग्यांच्या भिंतींवर तशी चित्रे आहेत. सुक्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या किंवा बकरीदचे उरलेले मांस मीठ चोळून उन्हात घालणाऱ्या घरांना त्यातले तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. पाणी काढून घेतले की कुजणे थांबते, एवढेच ते तत्त्व.

मृतांचे जेवण

प्राण्यांच्या ममींचा पहिला प्रकार जेवणाशीच निगडित आहे. मृताला परलोकातही भूक लागते, अशी इजिप्शियन समजूत होती. त्यामुळे त्याच्यासोबत भाकरी, बिअर, फळे आणि मांस ठेवले जाई. हॉवर्ड कार्टरने नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतानखामेनचे थडगे शोधून काढले, तेव्हा त्यात पांढऱ्या रंगाच्या ४८ लाकडी पेट्या सापडल्या. त्यांत गोमांसाचे तुकडे, बदके आणि हंस होते. सगळे सोलून, साफ करून, सुकवून, पट्ट्यांत गुंडाळून ठेवलेले. त्याच थडग्यात मसूर, हरभरे, लसूण, धणे, मेथी आणि कलौंजीही होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या शिदोरीची ही यादी वाचताना आपल्या स्वयंपाकघरातले डबे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

या 'मांसाच्या ममीं'चा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत सलिमा इक्राम यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लाहोरमध्ये जन्मलेल्या आणि कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या या विदुषीने प्राचीन इजिप्तमधील मांसव्यवहारावर ग्रंथ लिहिला, कैरोच्या संग्रहालयातील प्राण्यांच्या ममींचा प्रकल्प उभा केला आणि मेलेल्या सशांना स्वतः नत्रूनमध्ये सुकवून जुने तंत्र पडताळून पाहिले. २०१३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी युया आणि तुया या दांपत्याच्या थडग्यातील गाईच्या बरगडीचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले. हे दांपत्य म्हणजे राणी तियेचे आईवडील. १९०५ साली त्यांचे थडगे उघडण्यात आले होते. त्या बरगडीच्या पट्ट्यांवर पिस्त्याच्या जातीच्या झाडाची राळ आढळली. ही राळ परदेशातून येणारी आणि महागडी होती. राजाच्या सासऱ्याच्या ताटातल्या बरगडीला त्या काळी जे लेपन मिळाले, ते सामान्य माणसाच्या प्रेताला मिळणे शक्य नव्हते.

थडग्यांच्या भिंतींवर बैल कापण्याची, मांसाचे ढीग वाहून नेण्याची चित्रे पाहून सगळा देश रोज गोमांस खात होता असे वाटेल. परंतु भिंती मालकाच्या इच्छेप्रमाणे बोलतात, उकिरड्यातली हाडे तसे करत नाहीत. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील कोम अल-हिस्न या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जळणासाठी वापरलेल्या शेणाचे आणि चाऱ्याचे भरपूर अवशेष सापडले. गाईगुरांची हाडे मात्र फारच थोडी. हाडे निघाली ती प्रामुख्याने डुकरांची. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की, गुरे पाळत होते गावकरी, पण ती वाढली की राजधानीकडे रवाना होत. याच्या नेमके उलट चित्र गिझाच्या पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या वस्तीत दिसते. मार्क लेहनर यांच्या उत्खननातील हाडांचा अभ्यास रिचर्ड रेडिंग यांनी केला, तेव्हा तेथे कोवळ्या वयाच्या नर गुरांची आणि शेळ्यामेंढ्यांची हाडे मोठ्या प्रमाणावर आढळली. राज्याच्या कामावर असलेल्यांना मांस मिळत होते. ज्यांनी ते पोसले त्यांच्या वाट्याला ते क्वचितच येत होते.

राज्याच्या पोशिंद्यांवर विसंबणेही नेहमी सुखाचे नव्हते. इ.स.पूर्व ११५७च्या सुमारास, तिसऱ्या रामेसिसच्या राजवटीच्या २९व्या वर्षी, राजांची थडगी कोरणाऱ्या देर अल-मदीना गावच्या कारागिरांचे धान्य थकले. मजुरी धान्यातच मिळत असल्यामुळे ही थेट उपासमार होती. कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि भूक व तहान लागली आहे, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, असे सांगत ते मंदिरांच्या आवारात जाऊन बसले. आज तुरीन येथील संग्रहालयात असलेल्या पपायरसवर ही हकीकत नोंदलेली आहे. इतिहासातील पहिला ज्ञात संप म्हणून तिचा उल्लेख केला जातो. मेलेल्या राजासाठी मांस टिकवण्याची चोख व्यवस्था असलेल्या राज्यात जिवंत कारागिराच्या धान्याची व्यवस्था कोलमडली होती.

देव असलेला बैल आणि परका राजा

दुसरा प्रकार देव मानल्या गेलेल्या प्राण्यांचा. मेम्फिस शहरात आपिस नावाचा बैल असे. एका वेळी एकच. काळा रंग, कपाळावर पांढरी खूण अशी विशिष्ट लक्षणे पाहून त्याची निवड होई. तो मेला की देशभर शोक पाळला जाई आणि राजाप्रमाणे त्याची ममी करून सक्काराच्या भुयारात त्याला ठेवले जाई. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने वाळूत अर्ध्या बुडालेल्या स्फिंक्सांचे वर्णन केले होते. त्याचा धागा पकडून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएत याने १८५०-५१ मध्ये हे भुयार, म्हणजे सेरापियम, शोधून काढले. आत दगडाच्या अजस्र पेट्या होत्या, एकेक पेटी कित्येक टन वजनाची.

या आपिसशी निगडित एक कथा आपण थोडी सविस्तर पाहिली पाहिजे. इ.स.पूर्व ५२५ मध्ये इराणचा बादशहा कंबुजिया, म्हणजेच कॅम्बिसिस, याने इजिप्त जिंकले. हेरोडोटस सांगतो की, आपिसचा उत्सव चालू असल्याचे पाहून कॅम्बिसिस संतापला, त्याने खंजिराने बैलाच्या मांडीवर वार केला आणि पुजाऱ्यांना फटके मारले. बैल जखमेने मेला आणि पुजाऱ्यांनी त्याला गुपचूप पुरले. परक्या, परधर्मीय विजेत्याने पवित्र बैल मारला, ही कथा पुढे दोन हजार वर्षे निर्विवाद इतिहास म्हणून सांगितली गेली.

सेरापियममधून मात्र वेगळाच पुरावा बाहेर आला. कॅम्बिसिसच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ५२४ मध्ये, एका आपिसचे रीतसर आणि सन्मानपूर्वक दफन झाल्याचा शिलालेख तेथे मिळाला. त्याची दगडी पेटी खुद्द कॅम्बिसिसच्या नावाने अर्पण केलेली आहे. तारखांचे काही गुंते अजून सुटलेले नसले तरी आज बहुतेक अभ्यासक हेरोडोटसची कथा संशयानेच पाहतात.

मग ही कथा जन्माला कशी आली? हेरोडोटस सुमारे ७५ वर्षांनंतर इजिप्तला गेला होता आणि त्याची बरीचशी माहिती पुजाऱ्यांकडून आलेली होती. या पुजाऱ्यांचा कॅम्बिसिसवर राग असण्याचे कारण एका डेमोटिक पपायरसवरून कळते. कॅम्बिसिसने काही अपवाद वगळता देवळांचे सरकारी उत्पन्न कमी केले. गुरांचा पुरवठा निम्म्यावर आणला आणि पक्ष्यांचा बंदच केला. पुजाऱ्यांनी हंस स्वतः पाळावेत आणि देवाला वाहावेत, असा त्याचा हुकूम होता. आमच्या मते बैलाच्या मांडीवरील त्या वाराची कथा समजून घेताना हंसांचा हा हुकूम डोळ्यांआड करता येत नाही. उत्पन्नाचा वाद लोकांपुढे मांडताना तो श्रद्धेच्या अपमानाचा वाद म्हणून मांडला गेला असावा. विजेते निष्पाप असतात असे कोणी म्हणणार नाही, कॅम्बिसिसही नव्हता. पण 'परक्याने आमचा पवित्र प्राणी मारला' ही वाक्यरचना ज्या समाजात सहज पेट घेते, त्या समाजात राहणाऱ्यांनी तरी सेरापियमचा तो शिलालेख ध्यानात ठेवायला हवा.

नवसाच्या ममी

तिसरा प्रकार संख्येने सर्वांत मोठा, तो नवसाच्या ममींचा. इ.स.पूर्व सातव्या शतकापासून रोमन काळापर्यंत ही प्रथा कमालीची वाढली. भाविक मंदिराजवळ येई, थोथ देवासाठी इबिस पक्ष्याची, बास्तेत देवीसाठी मांजराची, होरससाठी ससाण्याची ममी विकत घेई आणि आपली प्रार्थना देवापर्यंत पोहोचावी म्हणून ती अर्पण करी. सक्कारा आणि मध्य इजिप्तमधील तूना अल-गबल येथील भुयारांत अशा लाखो इबिस ममी मातीच्या भांड्यांत बंद करून रचलेल्या आढळल्या आहेत. १९६४ पासून सक्कारात वॉल्टर एमरी हे ब्रिटिश उत्खननकार इमहोतेप या प्रसिद्ध वास्तुविशारदाचे थडगे शोधत होते. थडगे काही मिळाले नाही. मिळाल्या त्या इबिस, ससाणे, बबून माकडे आणि आपिसच्या मातांच्या दफनगुहा.

इतके प्राणी आणत कोठून? कुत्रे आणि मांजरे देवळांच्या आसपास मुद्दाम पैदा केली जात. ब्रिटिश संग्रहालयातील मांजरांच्या ममींचे क्ष-किरण परीक्षण झाले तेव्हा अनेक पिल्लांच्या मानेचे मणके निखळलेले आढळले. म्हणजे ती नैसर्गिक मरणाने मेलेली नव्हती, मान मुरगाळून मारलेली होती. आणि हा तोच देश, जेथे घरातले मांजर मेले तर घरचे लोक भुवया भादरत असे हेरोडोटस सांगतो. डायोडोरस हा सिसिलीचा इतिहासकार इ.स.पूर्व ६०च्या सुमारास इजिप्तमध्ये होता. एका रोमन माणसाच्या हातून मांजर मारले गेले, तेव्हा जमावाने त्याला ठार केले. राजाचे अधिकारी मध्ये पडले, रोमची भीतीही होती, पण त्याला वाचवता आले नाही. हा प्रसंग आपण स्वतः पाहिल्याचे डायोडोरस लिहितो. याच डायोडोरसने आणखी एक ऐकीव गोष्ट नोंदवली आहे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी माणसाचे मांस खाल्ले, पण पवित्र प्राण्याला हात लावल्याचा आरोप कोणावर झाला नाही. जमावाच्या हातून माणूस मरतो त्या मांजरासाठी, आणि त्याच जातीची पिल्ले देवळाच्या मागे रोज मारली जातात. या दोन गोष्टी एकाच समाजात, एकाच काळात नांदत होत्या.

इबिसची कथा थोडी वेगळी निघाली. हे पक्षीही मोठ्या प्रमाणावर पाळले जात असावेत असा समज होता. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या सॅली वासेफ आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली इबिस ममींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच खुराड्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पक्ष्यांत जो सारखेपणा दिसायला हवा, तो त्यांत नव्हता. त्यांच्यातील विविधता रानटी पक्ष्यांइतकीच होती. म्हणजे बरेच पक्षी पाणथळ जागांतून पकडलेले, फार तर काही काळ चारा घालून माणसाळवलेले होते. एके काळी लाखोंनी पुरला गेलेला हा पक्षी एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधून नाहीसा झाला.

मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी संग्रहालयांतील ८००हून अधिक प्राणी-ममींचे क्ष-किरण आणि सीटी स्कॅन केले. २०१५ साली जाहीर झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, सुमारे एक तृतीयांश ममींत पूर्ण प्राणी आहे, एक तृतीयांशांत काही हाडे आहेत, आणि उरलेल्या एक तृतीयांशांत प्राण्याचे एकही हाड नाही. आत आहे चिखल, काटक्या, बोरू, पिसे, अंड्यांची टरफले. बाहेरचे वेष्टन मात्र तितकेच सुबक.

ही फसवणूक होती का? काही संशोधकांच्या मते नव्हती. पवित्र प्राण्याचे पीस किंवा त्याच्या घरट्यातली काडीही पवित्रच मानली जात असेल, तर ती अर्पण करण्यात खोटेपणा नाही. हा युक्तिवाद आपण मान्य करू. पण त्या काळीही सगळे आलबेल नव्हते, हे सांगणारा एक साक्षीदार आपल्याला लाभला आहे. त्याचे नाव होर. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात सक्काराच्या इबिस-पूजेशी संबंधित असलेला हा लेखनिक. खापरांवर लिहिलेली त्याची टिपणे एमरी यांना सापडली आणि जे. डी. रे यांनी ती १९७६ साली प्रकाशित केली. ६० हजार इबिसांच्या खाण्याचा उल्लेख त्यांत आहे. पूजेतील गैरप्रकारांची तक्रार आहे, आणि त्यावर झालेल्या सुधारणेचे सूत्रही आहे : एका भांड्यात एकच देव. एका भांड्यात एकच देव असावा असा नियम करावा लागतो, तेव्हा त्याआधी भांड्यांत काय काय भरले जात होते याची कल्पना येते. होर हा श्रद्धेची चेष्टा करणारा बाहेरचा माणूस नव्हता. तो त्या पूजेतलाच, देवाची स्वप्ने पडणारा भाविक होता. सुधारणेची मागणी आतून आली होती, हे महत्त्वाचे.

मगरीचा पाहुणचार

फायूम भागात सोबेक या देवाचे रूप म्हणून मगर पूजली जाई. स्ट्रॅबोने तेथील अर्सिनोए शहरात पाहिलेला प्रसंग लिहून ठेवला आहे. यजमानाने पाहुण्यांसाठी पोळीसारखा एक पदार्थ, भाजलेले मांस आणि मध घातलेल्या पेयाचे भांडे बरोबर घेतले. तळ्याकाठी पुजाऱ्यांनी मगरीचा जबडा उघडला, त्यात पोळी घातली, मग मांस, मग पेय ओतले. मगर पाण्यात उडी मारून पलीकडच्या काठाला गेली. तेवढ्यात दुसरा पाहुणा नैवेद्य घेऊन आला. पुजारी तळ्याला वळसा घालून धावले, मगरीला पकडले आणि पुन्हा तोच कार्यक्रम केला.

याच फायूममधील तेब्तुनिस येथे ग्रेनफेल आणि हंट हे ऑक्सफर्डचे विद्वान १९०० सालच्या जानेवारीत पपायरस शोधत होते. थडग्यांतून माणसांऐवजी एकामागून एक मगरीच निघू लागल्या. एका मजुराने वैतागून एक मगर फोडली, तर ती लिहिलेल्या पपायरसांत गुंडाळलेली होती! ममी भरायला आणि गुंडाळायला सरकारी दप्तरातील रद्दी वापरली गेली होती. त्या रद्दीतून केर्केओसिरिस गावचा लेखनिक मेन्खेस याचे दप्तर बाहेर आले. जमिनीची मोजणी, पिकांची नोंद, सारा, शेतकऱ्यांचे अर्ज. आपल्याकडच्या तलाठ्याच्या दप्तराशी त्याचे साम्य पाहून गंमत वाटते. त्यातच इ.स.पूर्व ११२ मधील एक पत्र आहे. लुसियस मेमियस नावाचा रोमन सिनेटर फायूम पाहायला येत आहे, त्याची उत्तम बडदास्त ठेवावी आणि मगरींना घालायचा खाऊ तयार ठेवावा, असे त्यात बजावले आहे. मगरीच्या खाऊचे पत्र शेवटी मगरीच्याच देहाभोवतीच्या कागदांत टिकले. राजे-महाराजांच्या शिलालेखांतून जे गाव कधीच दिसले नसते, ते मगरीने आपल्यापर्यंत आणून पोहोचवले.

नंतरच्या लोकांनी काय केले

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म प्रबळ झाल्यावर ही पूजा संपली. पण तिच्या अवशेषांबद्दलचे कुतूहल संपले नाही. बगदादचे वैद्य अब्दुल लतीफ अल-बगदादी बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये आले. १२००-१२०२ या काळात नाईलला पूर न आल्यामुळे पडलेला भीषण दुष्काळ त्यांनी पाहिला. भुकेने माणसे माणसाला खात असल्याच्या नोंदी त्यांनी जड अंतःकरणाने केल्या. त्याच काळात हाडांचे ढीग तपासून त्यांनी माणसाचा खालचा जबडा एकच हाड आहे, गॅलेन म्हणतो तशी दोन हाडे नाहीत, हे दाखवून दिले. ग्रंथापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या या हकिमांनी प्राण्यांच्या दफनांचीही नोंद घेतली. पट्ट्या उलगडता उलगडता माणूस थकावा आणि शेवटी आत पीसही न हललेला ससाणा निघावा, असे एकाने त्यांना सांगितले. मूमियाने भरलेली तीन मस्तके अर्ध्या दिरहमला आपण घेतली, हेही ते प्रांजळपणे लिहितात. औषधाचा बाजार तेव्हाच सुरू झालेला होता.

पुढे १७९८ साली नेपोलियनच्या स्वारीबरोबर आलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी इबिसच्या ममी पॅरिसला नेल्या. क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांची हाडे जिवंत इबिसशी ताडून पाहिली, फरक आढळला नाही, आणि प्राण्यांच्या जाती बदलत नाहीत असा निष्कर्ष काढला. काही हजार वर्षांचा काळ उत्क्रांतीच्या मानाने किती तोकडा, हे पुढच्या पिढ्यांना कळले.

सर्वांत विषण्ण करणारी हकीकत १८८८ची. मध्य इजिप्तमधील बेनी हसनजवळ एका शेतकऱ्याला मांजरांच्या ममींची खाण सापडली. त्यांतल्या सुमारे १९ टन, म्हणजे अंदाजे १ लाख ८० हजार ममी जहाजात भरून इंग्लंडला गेल्या आणि फेब्रुवारी १८९० मध्ये लिव्हरपूल येथे त्यांचा लिलाव झाला. कशासाठी? शेतात खत म्हणून टाकण्यासाठी. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा म्हणून मांजराचे डोके वापरले. प्राणिपूजेला रानटीपणा म्हणणाऱ्या शतकाने ही मांजरे दळून शेतात पसरली.

बेरेनिकेची माकडे

या व्यवहाराला भारताचा धागाही आहे. इ.स.पूर्व १२१३च्या सुमारास मरण पावलेल्या दुसऱ्या रामेसिसच्या नाकपुड्यांत काळी मिरी सापडली, आणि काळी मिरी मलबारचीच. सक्कारातील एका लेपनशाळेतील भांड्यांचे परीक्षण २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात आशियातील उष्ण प्रदेशांच्या जंगलांत मिळणारी डामर राळ आढळली. देह टिकवण्याच्या सामानासाठी इजिप्तचे हात इतक्या दूरवर पोहोचलेले होते.

तांबड्या समुद्रावरील बेरेनिके हे बंदर तर भारताच्या व्यापारावरच जगले. आपले कल्याण, सोपारा, चौल या बंदरांची नावे पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'मध्ये येतात, ती याच व्यापारमार्गावरची. बेरेनिकेच्या मंदिरात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली. त्याच गावाबाहेर पोलिश संशोधक मार्ता ओसिपिन्स्का यांनी पहिल्या-दुसऱ्या शतकातील प्राण्यांचे दफनस्थान उकरले. २०२१ साली जाहीर झालेल्या माहितीप्रमाणे तेथे ५८५ प्राणी होते. बहुतेक मांजरे, काही कुत्रे आणि काही भारतातून आणलेली माकडे. येथे ममी नाही, राळ नाही, प्रार्थना नाही. प्रत्येक प्राणी वेगळा, निगुतीने ठेवलेला. काहींच्या गळ्यात पट्टे किंवा मण्यांच्या माळा. काही म्हातारे, दात पडलेले. कोणीतरी भरवल्याशिवाय ते इतके जगणे शक्य नव्हते. एका मोठ्या कुत्र्याला हाडाचा कर्करोग होता. त्याच्या पोटात शेवटच्या जेवणाचे अवशेष मिळाले, मासे आणि बकरीचे मांस. त्याला खजुरीच्या पानांच्या चटईत गुंडाळून पुरले होते.

ओसाड किनाऱ्यावरच्या त्या गावात अन्न दुरून आणावे लागे. तरीही कोणीतरी आपल्या ताटातले मांस मरणाऱ्या कुत्र्यापुढे ठेवले. तो कुत्रा देव नव्हता, नवस नव्हता, व्यापारी मालही नव्हता.

तेव्हा प्राचीन इजिप्शियन माणूस प्राण्यांशी कसा वागत होता, याचे एकच उत्तर देता येत नाही. राजाच्या शिदोरीतील बदक, दगडी पेटीतला बैल, मान मुरगाळलेले मांजराचे पिल्लू, चटईतला कुत्रा हे सगळे त्याच नाईलच्या देशातले आहेत. काटक्यांनी भरलेली ममी हातात घेऊन देवळाकडे चाललेल्या गरीब बाईची प्रार्थना खोटी नव्हती. तिच्या प्रार्थनेचा दर ठरवणाऱ्यांचा हिशेब मात्र तपासला गेला पाहिजे, आणि तो तपासण्याचे काम तिच्याच देवळातल्या होरने बावीसशे वर्षांपूर्वी सुरू केले होते.